पासिंग किती?

नानांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी इकडं मिशिगनमध्ये बसून त्यांना व्हॉट्सॲपवर चार पिकअपचे फोटो पाठवले होते, चारही जुन्या, चारही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि नानांनी चष्मा कपाळावर सारून एकेक फोटो मोठा करून बघितला आणि खूश झाले, म्हणजे काय ती उंची, काय ते बॉनेट, आपल्या घरचा ओटा याच्यापुढं लहान पडेल वगैरे, आणि मग एकदम मुद्द्यावर आले. "पासिंग किती टनाची?" म्हणजे कागदावर माल किती न्यायची परवानगी.

मी म्हणालो, "नाना, हिला इकडं हाफ टन म्हणतात."

"अर्धा टन? एवढ्या धुडाला?"

आणि नाना असे हसले की मागून आई विचारायला आली काय झालं म्हणून.

आता त्यांचंही बरोबर आहे. नानांनी नारायणगावला पंधरा-सोळा वर्षं बोलेरो पिकअप चालवली, टोमॅटोच्या सीझनला रोज संध्याकाळी हौदा भरायचा, वीस-वीस किलोच्या क्रेट, आणि आळेफाट्यावरून माळशेज उतरून पहाटेच्या आत वाशी मार्केटला लावायची. ती बोलेरो कागदावर सव्वा टन पासिंग होती आणि हौद्यात प्रत्यक्षात किती असायचं ते विचारू नका, आरटीओवाले वाचत असतील तर त्यांनाही नमस्कार. इंजिन अडीच लिटरचं, ताकद जेमतेम सत्तर-बहात्तर घोड्यांची. आणि मी जी गाडी घ्यायची म्हणतोय तिची ताकद चारशे घोड्यांच्या आसपास, किंमत नवीन घेतली तर साठ-सत्तर हजार डॉलर सहज, आणि माल किती न्यायचा तर अर्धा टन!

हे नुसतं नाव आहे, असं मी नानांना समजावलं. हाफ टन, थ्री क्वार्टर टन, वन टन ही जुन्या काळातली नावं चिकटून राहिलीयत, आजची हाफ टन त्याच्यापेक्षा जास्तच नेते. पण किती जास्त, हे बघायला मी एका गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडून खांबावरचा पिवळा-पांढरा स्टिकर वाचला. माणसं आणि सामान मिळून १३८४ पौंडांच्या वर जाऊ नये. किलोत करा, ६२८. म्हणजे टाटाचा छोटा हत्ती, जो २००५ मध्ये आला तेव्हा पाऊण टन न्यायचा, तो कागदावर या राक्षसापेक्षा जास्त नेतो. मी हे नानांना सांगितलं नाही. काही गोष्टी वडिलांना सांगू नयेत.

म्हणजे जाहिरातीत खोटं असतं का, तर तसंही नाही. फोर्डनं २०२१ च्या एफ-वन-फिफ्टीला जास्तीत जास्त ३३२५ पौंड पेलोड असं छापलं होतं आणि ते खरंच होतं, पण ते कुठल्या गाडीला, तर सिंगल केबिन, लांब हौदा, व्ही-एट इंजिन, त्यात जड वजनाचं खास पॅकेज घेतलेली, आत काही नाही, अशी. तसली गाडी शोरूमला उभी नसते. शोरूमला असते ती चार दारांची, कातडी सीटची, काचेच्या छताची, आणि त्यातली प्रत्येक चैन वजनातून वजा होत जाते. सनरूफ घेतला, गेले इतके पौंड. मोठी चाकं घेतली, गेले. सगळ्यात महागडं मॉडेल सगळ्यात कमी वजन नेतं. शेतकऱ्याच्या गाडीचा आणि पाटलाच्या गाडीचा फरक आहे हा, फक्त चेहरा एकच.

आणि आम्हाला ही गाडी हवीय कशाला, तर बायकोला कॅम्पर, म्हणजे चाकांवरची खोली, ओढून न्यायचाय. मॅकिनॉचा पूल ओलांडून वर अप्पर पेनिन्सुलाला जायचं, तळ्याकाठी आठ दिवस राहायचं, असं तिचं गेली तीन वर्षं चाललंय. कॅम्पर बघितला तो भरल्यावर ६५०० पौंडांचा. सेल्समन म्हणाला, काही नाही सर, कुठलीही हाफ टन ओढेल. त्याचंही खरं. फोर्ड १३५००, शेवरोले १३३००, टोयोटा १२००० पौंड ओढते असं त्यांची पत्रकं सांगतात. पण ओढणं वेगळं आणि उचलणं वेगळं, हे मला इथल्या एका मित्रानं कागदावर गणित मांडून दाखवलं तेव्हा कळलं. ट्रेलरच्या वजनातलं साधारण दहा ते पंधरा टक्के वजन हुकवर खाली दाबतं. तेरा टक्के धरा, झाले ८४५ पौंड. आम्ही चौघं मिळून ५००. झाले १३४५. राहिले ३९ पौंड, म्हणजे सतरा-अठरा किलो, त्यात तो हुकचा जड सांगाडाच मावत नाही, मग कुकर, तांदूळ, सायकली आणि शेगडी कुठं ठेवायची. त्या उन्हाळ्यात आई येणार होती. आईला घरीच सोडून जावं लागलं असतं.

तर पहिला दोष हा, आणि तो कुठल्या एका कंपनीचा नाही, सगळ्यांचा आहे. गाडी वाढत गेली आणि हौदा आखडत गेला. आता बहुतेकांचा हौदा साडेपाच फूट. प्लायवूडची आठ फुटी शीट घेतली की फाळका खाली पाडून, लाल फडकं बांधून यावं लागतं, आणि फडकं बांधताना मला नेहमी नारायणगावच्या एसटी स्टँडजवळची बांबूवाल्याची हातगाडी आठवते. हौद्याखाली मागं पाटे बहुतेकांना आहेत, फक्त रॅम या कंपनीनं २००९ पासून आणि टोयोटानं २०२२ पासून पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्या. त्यामुळं रॅम बसायला अगदी कारसारखी, पाठ दुखत नाही, आणि वजन टाकलं की मागून बसते. नाना म्हणाले असते, म्हैस बसल्यासारखी.

आता थोडं इथल्या वातावरणाबद्दल. मी डेट्रॉईटच्या पश्चिमेला राहतो. मी स्वतः आयटीवाला, पण आजूबाजूचे मराठी लोक निम्मे गाड्यांमधले. मंडळाच्या गणपतीला जेवणाच्या रांगेत उभं राहा, पुढचा ट्रान्समिशनवाला असतो, मागचा सीटच्या फोमवाला असतो आणि वाढणारी ब्रेकच्या सॉफ्टवेअरमधली असते. आणि निष्ठा अशा कडक की काय सांगू, फोर्डच्या डिअरबॉर्नच्या ट्रक कारखान्यात २००६ मध्ये नियमच काढला होता की दुसऱ्या कंपनीची गाडी आणलीत तर जवळच्या पार्किंगमध्ये लावायची नाही, रस्त्यापलीकडं लावून चालत या. त्यामुळं इथं कुणाला "कुठला पिकअप घेऊ" विचारणं म्हणजे पुण्यात "मिसळ कुठली चांगली" विचारण्यासारखं आहे. म्हणून मी उलटं विचारायला लागलो. तुमच्याच कंपनीच्या गाडीत खोट काय, ते सांगा. पहिल्या पेगला कुणी सांगत नाही. दुसऱ्याला सांगतात.

सांगलीकर, जो आमच्यातला सगळ्यात कट्टर फोर्डवाला, त्यानंच मला कॅम फेझरचा, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडायची वेळ पुढंमागं करणाऱ्या भागाचा, आवाज तोंडानं काढून दाखवला. साडेतीन लिटरचं टर्बो व्ही-सिक्स, इकोबूस्ट नावाचं, त्यातल्या २०१७ ते २०२० च्या बऱ्याच गाड्या सकाळी गार इंजिनला सेल्फ मारला की दोन-तीन सेकंद खडखडतात, डब्यात खिळे हलवल्यासारख्या, आणि मग गप्प. गप्प झाल्या म्हणून माणूस पण गप्प बसतो. पण काम निघालं की इंजिनचं पुढचं तोंड उघडावं लागतं आणि बिल हजारोंत जातं. ज्यांना टर्बोची भीती वाटली त्यांनी पाच लिटरचा व्ही-एट घेतला, तर त्यातल्या २०१८ नंतरच्या काही गाड्या ऑइल प्यायला लागल्या. त्याआधीची गंमत म्हणजे ५.४ लिटरचं ट्रायटन इंजिन, २००४ ते २००८ वालं, त्याचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे होते, बदलायला गेलं की अर्धा हातात आणि अर्धा हेडमध्ये. तो अर्धा काढायचं वेगळं हत्यार बाजारात विकायला लागले लोक. एका खोटीवर केवढा धंदा!

आणि गिअरबॉक्स. दहा गिअर. नानांना चार गिअरवर माळशेज चढताना पाहिलेल्या माणसाला दहा गिअर म्हणजे काय करायचंय तेच कळत नाही, आणि कधीकधी त्या गिअरबॉक्सलाही कळत नाही, तो तिसऱ्या-चौथ्यात घुटमळतो आणि मग धाडकन पडतो. हा दहा गिअरचा बॉक्स फोर्ड आणि जनरल मोटर्सनं मिळून डिझाइन केलाय. पार्किंगमध्ये एकमेकांना उभं न करणाऱ्यांनी! त्याआधीचा फोर्डचा सहा गिअरचा बॉक्स तर चालू गाडीत अचानक पहिल्या गिअरला यायचा, २०१९ मध्ये त्यासाठी जवळजवळ १५ लाख पिकअप परत बोलावल्या होत्या. पळत्या गाडीत पहिला गिअर म्हणजे काय होतं ते ज्यांनी चुकून एकदा तरी घाटात चौथ्याऐवजी दुसरा टाकलाय त्यांना माहितीय.

जनरल मोटर्सवाला डोंबिवलीकर. तो जास्त बोलत नाही, नुसता "टॅपेट" म्हणतो, म्हणजे इंजिनची झडप हलवणारा छोटा भाग, आणि मान हलवतो. शेवरोले सिल्वराडो आणि जीएमसी सिएरा, दोन्ही एकाच आईची लेकरं, कुंकू वेगळं. त्यांच्या व्ही-एटला २००७ च्या सुमारापासून एक युक्ती आली, रस्ता सपाट असेल, भार नसेल तर आठातले चार सिलिंडर झोपवायचे, पेट्रोल वाचतं. २०१९ पासून तर कुठले झोपवायचे कुठले जागे ठेवायचे याचे १७ प्रकार केले. कल्पना झकास. पण झोपवायला जी खास टॅपेट लागते, जिच्या आत बारीक पिन असते, ती एक दिवस झोपते ती उठतच नाही, मग पुशरॉड वाकतो, कधी कॅमशाफ्ट खाल्ला जातो, आणि गाडी टक टक टक करत रस्त्याच्या कडेला. लोक काय करतात, तर पाचशे डॉलर नाही, शंभर-दोनशे डॉलरचं एक खेळणं विकत घेऊन गाडीच्या तपासणीच्या पोर्टला लावतात, जे इंजिनला सांगतं की बाबा तू झोपूच नकोस. म्हणजे कंपनीनं पैसे घेऊन बसवलेली युक्ती गिऱ्हाइकानं पैसे देऊन बंद करायची.

पण डोंबिवलीकर खरा गप्प झाला तो २०२५ च्या एप्रिलनंतर. त्यांच्या हाफ टनमधलं सगळ्यात मोठं, ६.२ लिटरचं इंजिन, २०२१ ते २०२४ च्या गाड्यांमधलं, अमेरिकेत जवळजवळ ६ लाख गाड्या परत बोलावल्या. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडमध्ये बनवतानाच खोट राहिलेली. ज्यांचं तपासणीत नापास झालं त्यांना इंजिन बदलून, आणि जे पास झाले त्यांना काय, तर जाड ऑइल. आधी ०-डब्ल्यू-२० टाका म्हणायचे, आता ०-डब्ल्यू-४० टाका. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, गंभीरपणे म्हणाले, "मग आधी पातळ का टाकत होते?"

पातळ का टाकत होते! हा खरा प्रश्न आहे आणि नानांनी तो एका वाक्यात विचारला. पातळ ऑइलनं घर्षण कमी, पेट्रोल थोडं वाचतं. चार सिलिंडर झोपवले, थोडं वाचतं. दहा गिअर केले, थोडं. मोठं इंजिन काढून छोटं बसवलं आणि त्याच्या बोकांडी दोन टर्बो ठेवले, थोडं. हे सगळं थोडं थोडं कशासाठी, तर १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मध्ये इथं कायदा झाला की कंपनीच्या गाड्यांनी सरासरी इतकं ॲव्हरेज दिलंच पाहिजे. आणि पिकअपला सुरुवातीपासून सवलत, कारण पिकअप म्हणजे शेतकऱ्याची, कामकऱ्याची गाडी. पुढं तर असं झालं की चार चाकांच्या मधे जितकी जागा जास्त तितका नियम सैल. म्हणजे गाडी मोठी करा आणि सूट मिळवा. कंपन्या काय वेड्या आहेत का, त्यांनी केली मोठी. ही सवय जुनीच आहे, एफ-वन-फिफ्टी हे नावच १९७५ चं, प्रदूषणाचे नियम ठरावीक वजनाच्या आतल्या गाड्यांना होते म्हणून त्या वजनाच्या जरा वर जाईल अशी गाडी काढली, त्यातून आलेलं. आणि बाहेरून कुणी लहान, स्वस्त, सुटसुटीत पिकअप आणून विकावा तर त्यावर १९६४ पासून २५ टक्के कर, जो मुळात कोंबड्यांच्या भांडणातून आला. युरोपनं अमेरिकन कोंबडीवर कर लावला म्हणून अमेरिकेनं त्यांच्या मालवाहू गाड्यांवर लावला. कोंबडी केव्हाच शिजली, कर अजून आहे.

तर माझं मत असं झालंय की या सगळ्या कंपन्यांनी एकच भलंमोठं जड घर बांधलं आणि मग प्रत्येकानं त्याचं लाईटबिल कमी करायची वेगळी शक्कल लढवली. फोर्डची गाडी फोर्डच्या शकलेवर मोडते, जीएमची जीएमच्या. दोष वेगवेगळे दिसतात खरे. पण सगळंच खापर नियमावर फोडणंही बरोबर नाही, ६.२ च्या क्रँकमध्ये खोट राहिली ती कारखान्यात राहिली, कायद्यात नाही. आणि स्पार्क प्लग दोन तुकड्यांचा करा असं कुठल्याच सरकारनं सांगितलं नव्हतं.

टोयोटा. माझ्या बायकोचं म्हणणं सुरुवातीपासून टोयोटा घे आणि विषय संपव, आणि तीन-चार वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मीही हेच म्हणालो असतो. टंड्रा टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला बनते. जुनी ५.७ लिटरची व्ही-एट टंड्रा मोडत नाही, फक्त पेट्रोल पिते, फोर व्हील ड्राइव्हवाली गॅलनला १४-१५ मैल, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आत. नवीन पिकअपमधली ॲव्हरेजची ती सगळी खटपट तिच्यात न केल्यामुळंच ती टिकली, असं माझं आपलं मत. मग २०२२ ला त्यांनीही व्ही-एट काढला, ३.४ लिटरचा दोन टर्बोवाला व्ही-सिक्स आणला, आणि मे २०२४ मध्ये टोयोटाला, टोयोटाला हो, एक लाखाच्या वर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण मशीनिंगचा कीस इंजिनच्या आत राहिला होता आणि मेन बेअरिंग जात होती. पूर्ण इंजिनं बदलून दिली. पुढच्या वर्षी आणखी सव्वा लाखाच्या वर गाड्या त्यात आल्या. मंडळातल्या नाशिककराच्या शब्दांत, भटजींच्याच घरी सुतक.

आणि जुन्या टंड्रालाही एक आजार होता, आणि तो नेमका आमच्या राज्यातला आजार. मीठ. डेट्रॉईट शहराच्या खाली, खरंच खाली, साधारण ११०० फुटांवर मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथं रस्त्यावर मीठ असं फेकतात की कैरीच्या लोणच्याची बरणी बरी. त्यात जुन्या टंड्राच्या चासी कुजल्या, म्हणजे वरून गाडी चकाचक आणि खालून हातोडी मारली तर भोक. टोयोटानं २०१६ मध्ये या चासींसाठी, टंड्रा, टॅकोमा, सिकोया मिळून, ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. रॅमच्या मागच्या चाकांवरच्या कमानी अशाच कुजतात. इथं पार्किंगमध्ये दहा वर्षांची रॅम दिसली की आधी मी कमान बघतो, मग नंबरप्लेट.

रॅमबद्दल थोडक्यात, कारण रॅमवाला आमच्यात कुणी नाही, होता तो ॲरिझोनाला गेला. ५.७ हेमी इंजिनचा टिक टिक आवाज इतका प्रसिद्ध की त्याला नावच आहे, हेमी टिक. कधी तो नुसता मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलेला असतो, कधी टॅपेटचं रोलर अडकून कॅम खरवडत असतो, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच. गिअर टाकायला गोल बटण, रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं असतं तसलं, त्यावर २०१६ च्या शेवटी सरकारी चौकशी बसली, लोक गाडी पार्कमध्ये आहे समजून उतरायचे आणि गाडी निघायची. डिझेल घ्यावं तर २०१४ ते १६ च्या डिझेलमध्ये धुराच्या चाचणीत लबाडी केल्याचा आरोप, २०१९ मध्ये कोट्यवधी डॉलरची तडजोड. मग २०२५ ला हेमी बंद केलं, गिऱ्हाइकं ओरडली, वर्षाच्या आत परत आणलं आणि गाडीवर निषेधाचा बिल्ला लावून विकायला लागले. २०२५ च्याच उन्हाळ्यात ॲव्हरेजचा नियम मोडल्याचा दंडही सरकारनं शून्य केला. म्हणजे आता कुठलीच शक्कल लढवायची सक्ती नाही. गाडी लहान होईल असं मात्र कुणी म्हणत नाही. निस्सानची टायटन होती, ती २०२४ मध्ये बंदच झाली, तिच्याबद्दल मेलेल्याविषयी वाईट बोलू नये म्हणून थांबतो.

माझी स्वतःची एक होती. कंपनीचं नाव सांगत नाही, जुनी घेतली होती, साठ हजार मैल झालेली. सिग्नलला थांबताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखा धक्का द्यायची. दुकानात नेली, त्यांनी दोन दिवस ठेवली, आणि म्हणाले, हे नॉर्मल आहे, या गाड्यांचं हे कॅरॅक्टरिस्टिक आहे. तीन वेळा नेली, तिन्ही वेळा कॅरॅक्टरिस्टिक. चौथ्या वेळी वॉरंटी संपली होती आणि मग तो एकदम दोष झाला, चार हजार डॉलरचा. मी विकून टाकली. पण ती विकण्याचं खरं कारण गिअरबॉक्स नव्हतं.

एका शनिवारी सकाळी मी गाडी ड्राइव्हवेमधून पुढं काढत होतो, आदल्या रात्री उलटी लावली होती म्हणून तोंड रस्त्याकडं होतं. बायको दारातून ओरडली. मी ब्रेक दाबला. उतरून बघितलं तर धाकटी, तेव्हा पाच वर्षांची, बंपरसमोर उकिडवी बसून खडूनं रांगोळी काढत होती. मला ती दिसलीच नव्हती. आरसे बघितले होते, मागचा कॅमेरा होता, सगळं काही होतं, फक्त पुढं बॉनेट माझ्या छातीपर्यंत आणि त्याच्या पलीकडं काय आहे ते मला दिसत नव्हतं. नंतर मी उगाच तिच्या सायकलीचं हेल्मेट बंपरपासून एकेक पाऊल लांब ठेवत गेलो आणि परत परत सीटवर बसून बघितलं कधी दिसतंय. सातव्या पावलाला दिसलं.

इथल्या विमा कंपन्यांची एक सुरक्षा संस्था आहे, आयआयएचएस, तिनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अभ्यास छापला, बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर धडक बसलेला पायी माणूस मरण्याची शक्यता ३० इंच किंवा त्याहून कमी, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. सगळे हाफ टन या उंच गटातले. या बाबतीत फोर्ड, शेवी, रॅम, टोयोटा असा काही भेद नाही, आणि यासाठी कुणी गाडी परत बोलावत नाही, कारण ही खोट नाहीच, हेच तर विकलं जातं. नानांनी फोटो बघून पहिल्यांदा कौतुक केलं ते बॉनेटचंच होतं ना.

बोलेरोचं मी उगाच गुणगान करणार नाही. केबिनमध्ये उन्हाळ्यात भट्टी, एअरबॅग कुठली, नानांची कंबर त्या सीटवरच गेली, आणि माळशेजच्या धुक्यात ती कितपत सुरक्षित होती ते आई आजही सांगेल, ती रात्रभर जागी असायची. पण गाडीच्या पुढं उभं पोरगं दिसायचं. आणि आवाज आला तर नाना मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायचे, डॉक्टरसारखे, आणि सांगायचे, दोन नंबरचा टॅपेट. बरोबर निघायचं.

मग आता परत का घेतोय? कॅम्पर, दुसरं काय. छोटा कॅम्पर बघितलाय, ३५०० पौंडांचा, आता गणित बसतं, आई धरून. आणि पुढं कॅमेरा असलेलीच घ्यायची असं ठरवलंय, कॅमेऱ्यानं सगळं भागत नाही हे माहीत असून.

मागच्या महिन्यात एक फोर्ड बघायला गेलो होतो. नानांनी सांगितल्याप्रमाणं खिशात लोहचुंबक, पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय का बघायला. दाराला लावलं, पडलं. बॉनेटला लावलं, पडलं. टपाला, हौद्याला, कुठंच चिकटेना. मी घाबरलो, म्हटलं अख्खी गाडीच लांबीची केलीय का. मालक लांबून बघत होता, शेवटी त्याला दया आली आणि म्हणाला, ॲल्युमिनियम आहे, २०१५ पासून सगळ्या ॲल्युमिनियमच्याच आहेत. गंजणार नाही, पण ठोकली तर ठोकून सरळ करणारा कारागीर शोधावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. ती गाडी गॅरेजमध्येही मावत नव्हती, सव्वाएकोणीस फूट लांब, आमचं गॅरेज आतून वीस, म्हणजे मावते पण मग माणसानं चालायचं कुठून.

काल सकाळी दुसरी बघायला गेलो. आदल्या रात्री मालकाला मेसेज करून ठेवला होता की मी सातला येतो, कृपा करून त्याआधी इंजिन चालू करू नका. कारण खडखड, टिक टिक, टॅपेट, फेझर, जे काही सांगायचं ते इंजिन गार असतानाच सांगतं, गरम झाल्यावर सगळी इंजिनं साधू होतात. नाना व्हिडिओ कॉलवर होते, तिकडं संध्याकाळ, मागं चहाची कपबशी वाजत होती. "फोन बॉनेटजवळ धर," म्हणाले, "आणि आधी हात लाव."

बाहेर शून्याखाली दोन होतं. ड्राइव्हवेच्या कडेला बर्फ, शेजारच्यांच्या गाड्यांच्या काचांवर पांढरा थर. मालक हसत हसत चावी घेऊन आला, गुड मॉर्निंग वगैरे. त्याच्या गाडीची काच स्वच्छ होती.

मी बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं.

"काय रे?" नानांनी विचारलं.